गळका दोना

दारू नवरा प्यायचा, पण कोंडून मलाही ठेवलं होतं. मिशनच्या आसऱ्याचा तसा नियमच होता. एकटा पुरुष आणला तर तो भिंत चढून भट्टीवर पळतो, बायको आत असली की थांबतो, असं पाद्रीसाहेबाचं म्हणणं. पुरुषांची खोली एकीकडे, बायकांची दुसरीकडे, मधल्या आवारात मोहाचं एक मोठं झाड, आणि फाटकाला कुलूप.

त्याआधी नवरा गोंदियाच्या मालधक्क्यावर पोती वाहायचा. मजुरी भट्टीवर जायची. भाड्याची खोली गेली तसे आम्ही स्टेशनाबाहेर टिनाखाली झोपू लागलो. पोरगी लहान होती. दवनीवाड्याकडच्या आमच्या गावाहून सासू आली आणि तिला कडेवर घेऊन निघाली. मला म्हणाली, "नवरा तुया, तू सांभाळ. पोरगी मी कुत्र्याच्या पिल्लावानी इथं पडू नाही देत." बरोबरच बोलली. पुढे मिशनच्या माणसांनी आम्हाला तिथून उठवून आसऱ्यात नेलं.

फाटकाची किल्ली एका ख्रिस्ती विधवेकडे असायची. ती रायपूरकडची, हिंदीच बोलायची. मी तिला म्हटलं, "बाई, मी तं पीत नाही. मले जाऊ दे, पोरीले पाहून येतो."

"तू जाएगी तो वो भी जाएगा, बहू. उसका ताला तू ही है."

"लोखंडाच्या तालाले कोणी तेल तरी घालते," मी म्हटलं. ती हसली. किल्ली कमरेलाच राहिली.

सुरुवातीला नवऱ्याचे हात इतके थरथरायचे की पेजेचं भांडं धरता येत नसे. भिंतीवर मुंग्या चालताना दिसतात म्हणायचा. मुंग्या नव्हत्या. त्याला गुळाचा चहा द्यायचे, सकाळ-संध्याकाळ प्रार्थनेला बसवायचे आणि मधल्या वेळात वांग्याच्या वाफ्यात राबवायचे. यातल्या कशाने गुण आला ते मला माहीत नाही. माझ्या मते कुलपाने.

चैत्रात मोहफुलं पडू लागली, भट्टीवर दारू गाळतात तीच. झाड मालगुजाराचं, म्हणजे जमीनदाराचं, त्यामुळे पाद्रीसाहेबाला ते तोडता येत नव्हतं. मग पुरुष उठायच्या आत आम्ही बायकांनी फुलं झाडायची आणि खड्ड्यात राखेखाली पुरायची. तो वास हातांना दिवसभर राही. मी वाढायला गेले की नवरा ताटाकडे न बघता माझ्या हाताकडे बघायचा.

पावसाळ्याच्या तोंडाशी पाद्रीसाहेब म्हणाले, "हा आता सुटला. घरी जा, नाहीतर इथेच राहून काम करा." बाप्तिस्मा घ्या असं काही ते म्हणाले नाहीत. पण आम्ही मिशनचा भात खाल्ला होता, गावाला तेवढं पुरे होतं. जातीने आमचं अन्नपाणी बंद केलं होतं. सासूने एका गाडीवानाबरोबर निरोप पाठवला. पंच जातीत घ्यायला तयार आहेत. जातीला भात द्यायचा, मोहाची दारू पाजायची, आणि पहिला दोना, पानाचा द्रोण भरून, नवऱ्याने सगळ्यांसमोर प्यायचा. तोवर आम्हाला कोणी शिवणार नाही आणि पोरगीही मिळणार नाही.

"एका दोन्यानं काय होते?" नवरा म्हणाला. हेच मी मालधक्क्यावर रोज ऐकलं होतं.

किल्लीवाली बाई म्हणाली, "जा, बहू. पर ताला खुला छोड़ूँ क्या?"

न जावं तर पोरगी गेली, जावं तर नवरा गेला.

गावतळ्याच्या, बोडीच्या पाळीवर जात बसली. भात सासूने आणि भावकीने रांधला, माझ्या हाताचा चालत नव्हता. दोनेही त्यांनीच लावले. नवऱ्याचा एक मात्र सोडून. वाळीत टाकलेल्याच्या दोन्याला जातीतलं कोणी हात लावत नाही, तो त्याच्या बायकोने लावायचा असतो. पळसाची दोन पानं आणि काडी माझ्यासमोर टाकली. वरच्या घडीत मी काडी घट्ट खोवली. खाली पानावर पान ठेवलं आणि टाचलं नाही. पाहणाऱ्याला दोना धड दिसत होता.

वाढणाऱ्याने लांबूनच त्यात दारू ओतली. नवऱ्याने दोना उचलला. तोंडापाशी जाईपर्यंत धार मनगटावरून कोपराला आणि तिथून धोतरावर गेली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग मान मागे टाकून रिकामा दोना तोंडाला लावला.

"मिशनात सांडायले शिकवलं काय रे तुले?" एक पंच बोलला. सगळे हसले.

म्हातारा पंच त्याच्या ओल्या धोतराकडे बघून म्हणाला, "तोंडाले लागली ना? झालं. वाढा आता."

आम्ही जातीत आलो. पंगत उठल्यावर सासूने तो दोना उचलला, उन्हाकडे धरला आणि त्यातून माझ्याकडे पाहिलं.

"काय वो, दोना लावता नाही येत तुले?"

"नाही येत."

"मंग याचा दोना आतापासून तूच लावजो. बाकीच्याच्या दोन्याले हात लावू नको." एवढं बोलून तिने पोरीला माझ्याकडे ढकललं. पोरगी मला विसरली होती. ती पुन्हा सासूच्या लुगड्यामागे गेली.

त्यानंतर गावात लग्न असो, बारसं असो, कोणी मरो, नवं धान घरात येवो, दोना फिरायचाच आणि नवऱ्याचा मी लावायची. त्यामुळे माहेरी म्हणून राहायला कधी गेले नाही. अंगात ताप असला तरी पंगतीला हजर. नवरा कधी चिडायचा, "साऱ्याईचे दोने भरून राहिले, माहाच काऊन गळते?" पण दुसऱ्याचा दोना त्याने मागितला नाही. नुसता बोटं चाटत बसायचा आणि मी त्याची बोटं बघत बसायची. मिशनचं कुलूप निदान एक दिवस उघडलं.

पोरगी मोठी झाली तशी सासूने तिला दोने लावायला शिकवलं. एका लग्नात ती माझ्या शेजारी पानं घेऊन बसली होती. माझं काम बघून म्हणाली, "माय, तुया दोना गळन."

"गळू दे," मी म्हटलं. "तू तुया घट्ट लाव."