जागलीवरचा फोन

मी अमेरिकेला निघाले त्या संध्याकाळी बाबा विमानतळावर आले नाहीत. त्यांची जागल होती. सेलूहून बोलावलेली गाडी अंगणात उभी होती, आई बॅगांना सुतळी बांधत होती आणि बाबा खांद्यावर घोंगडं टाकून, हातात टॉर्च घेऊन दारात थांबले होते. "पोचली म्हंजे आवाज देजो," एवढंच म्हणाले. गाडी नागपूरच्या रस्त्याला लागली आणि ते पांदणीच्या वाटेनं शेताकडे गेले.

आमचं शेत हिंगणीच्या टोकाला, जंगलाला लागून आहे. वांगी, टमाटर, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि हिवाळ्यात हरभरा. अंधार पडला की रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, पिकात शिरतात, म्हणून रात्र मचाणावर जागून काढायची, ती जागल. तिचा एक नियम आहे. शेजारच्या शेतातला माणूस अधूनमधून "होऽऽ" अशी हाक देतो. आपण "होऽऽ" म्हणून उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर तो टॉर्च घेऊन बघायला येतो. आमच्या शेजारी देवराव काका. वारा गावाकडे असला की त्यांची आणि बाबांची हाक घरापर्यंत येई. मुलींना जागलीवर नेत नसत. मी ती हाक अंथरुणातूनच ऐकली.

पुढे नागपूरला वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम केलं. रानडुकराच्या हल्ल्यात शेतकरी जखमी, ही बातमी मी दोन ओळींत बसवत असे. लग्नानंतर न्यू जर्सीला आले. आता घरी बसून एका कंपनीचा मजकूर तपासते. इथे शेजारी कोण राहतं ते दारात पडलेल्या पार्सलवरच्या नावावरून कळतं. तक्रार नाही, इथली पद्धत तशी आहे. गाव सोडून आलेल्यांना ती ठाऊक असेल. मागे राहिलेल्यांसाठी सांगते आहे.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर बाबा मचाणावरून उतरताना पडले. कंबर दुखावली. त्याच आठवड्यात देवराव काकांच्या शेतालगतच्या नाल्याच्या रेतीत वाघाच्या पंजांचे ठसे दिसले. मी सुटी घेऊन गेले तेव्हा घरात एकाच विषयावर भांडण चालू होतं.

"एक दाना घरात नाई आला तरी चालन," आई म्हणाली, "पण तुमी आता जाऊ नोका."

"वाघ आपल्या रस्त्यानं जाते, मी आपल्या."

"त्याले कंबर धरून चालावं लागत नाई!"

बाबा हसले. मग म्हणाले, "मी घरी झोपलो त देवरावच्या हाकेले कोन आवाज देईन? तो एकटाच ओरडत राहीन का?"

प्रश्न पिकाचा नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

मी सोबत वायफायवर चालणारा एक कॅमेरा नेला होता. अंधारात दिसणारा, भोंगा असलेला, दोन्हीकडून बोलता येणारा. तिथली रात्र म्हणजे माझा ऑफिसचा दिवस. मी जागू शकत होते. शेतात वायफाय नव्हतं, पण माझा जुना फोन होता. त्यात गावाकडचं सिम घालायचं, हॉटस्पॉट चालू करायचा आणि फोन मचाणावर ठेवून द्यायचा, असा बेत.

सिम चाललं. कॉल लागले, इंटरनेट आलं. हॉटस्पॉटचं बटण दाबलं की मात्र फोन क्षणभर विचार करी आणि सांगे, ही सेवा तुमच्या प्लॅनमध्ये नाही, कंपनीशी संपर्क साधा. ही कंपनी अमेरिकेतली. तिच्याकडून फोन घेतला होता, सगळे हप्ते फेडले होते, फोन कुठल्याही सिमसाठी खुलाही करून घेतला होता. गावाकडच्या सिमवर हॉटस्पॉटला मनाई नव्हती. तरी फोन अमेरिकेतल्या कंपनीची परवानगी मागत होता. सेलूच्या मोबाइल दुकानदारानं तो उलटसुलट करून पाहिला.

"ताई, फोन आला इकडं, पन याचा जीव तिकडंच हाय."

केबलनं जोडून पाहिलं, ब्लूटूथनं पाहिलं. दरवेळी तोच निरोप. शेवटी इंटरनेटवरच्या एका चर्चेत उपाय सापडला. फोन लॅपटॉपला जोडायचा आणि एका ओळीची आज्ञा देऊन परवानगी विचारण्याची ती सेटिंग बंद करायची. अंगणात, खाटेवर बसून ते केलं आणि कॅमेऱ्यात आईची तुळस दिसली. फोन बंद करून शेतात नेला, चालू केला, तर तोच जुना निरोप. फोन बंद होऊन सुरू झाला की बंदी परत येत होती.

म्हणून लॅपटॉप घेऊन मी मचाणावर चढले. पहिल्यांदाच. आज्ञा तिथे दिली, कॅमेरा मचाणाला बांधला, आणि फोन कधीच बंद पडू नये यासाठी दोन्ही कुंपणात वीज सोडणाऱ्या झटका मशीनच्या बॅटरीला जोडले. ती सोलरवर चालते. आईनं फोनला जाळीची पिशवी शिवली.

बाबा खालून विचारत होते, "त्या फोनले झटका त नाई बसनार?"

"तुमाले बसला म्हंजे घरी झोपसान," आई म्हणाली.

मी परतले. पहिल्या दिवशी सकाळची मीटिंग चालू असताना बाजूच्या स्क्रीनवर हरभरा राखाडी दिसत होता. हाक आली. मी मोठ्यानं उत्तर दिलं. कॅमेऱ्याचा माइक चालू होता, आणि मीटिंगचाही. सहकारी दचकले. पलीकडे देवराव काकाही.

"कोन वं?"

"काका, मी. नामदेवभाऊंची मोठी."

"अमेरिकेतून जागल करून राह्यली? बाबा कुठी हाये तुये?"

"घरी झोपलेत."

"मंग तू झोपू नोको."

तेव्हापासून हा रिवाज आहे. डुकरं आली की मी भोंगा वाजवते; रोही भोंग्याला फारशी भीत नाहीत, त्यांच्यावर ओरडावं लागतं. काही पीक जातं, पूर्वीही जात होतं. बाबा घरी झोपतात. नीट झोपत नाहीत, असं आई सांगते. वारा गावाकडे असला की उठून बसतात, दोन्ही हाका ऐकतात आणि मग आडवे होतात.

गेल्या आठवड्यात दुपारी मी दूध तापत ठेवलं होतं. ते उतू गेलं, धुराचा अलार्म वाजला, खिडक्या उघडण्यात आणि ओटा पुसण्यात वेळ गेला. टेबलाशी परत आले तेव्हा स्क्रीनवर, हरभऱ्याच्या पलीकडे, एक उजेड हलत होता. तो धुऱ्याच्या बांधावरून जवळ आला. मचाणाखाली थांबला. टॉर्च वर झाली आणि तिच्यामागे देवराव काकांचा मफलर बांधलेला चेहरा दिसला. दुसऱ्या हातात काठी होती.

"काऊन वं, आवाज काऊन नाई देल्ला? तीनदा हाक मारली."

"दूध उतू गेलं काका. स्वयंपाकघरात होते."

त्यांनी टॉर्च पिशवीतल्या फोनवर धरली, मग मचाणाच्या फळ्यांवर, जणू मी तिथे कुठे पडले आहे का ते पाहत होते.

"बरी हाये ना पन तू?"

"बरी आहे."

"मंग झालं," ते म्हणाले, आणि वाघाच्या नाल्यावरून आले तसे परत गेले. धुऱ्यापलीकडे उजेड दिसेनासा झाला. थोड्या वेळानं तिकडून हाक आली. मी खुर्चीत सरळ बसले आणि आवाज दिला.