मले, मेले, मला

भुताखेतांच्या गोष्टी सांगणारी बाई मी नव्हे, हे आधीच सांगून टाकते. या ग्रुपवर प्रत्येक जण हेच वाक्य लिहून सुरुवात करतो, तेही मला माहीत आहे. दोन वर्षं तुमचे अनुभव वाचतेय आणि खरं सांगायचं तर प्रत्येकाखाली मनातल्या मनात निदान लिहून मोकळी होत होते... हा शोकातला भास, तो झोपेचा दोष, हा सरळ योगायोग. अभ्यासच त्याचा चालला होता ना! आता माझ्या अनुभवाखाली तुम्ही काय लिहायचं ते लिहा. मला लिहिता आलेलं नाही.

मी बुलढाणा जिल्ह्यात धामणगाव बढ्याला एका शाळेत शिकवते. माहेर देऊळगाव राजाकडचं. जिल्हा एकच, पण आम्ही 'मला-तुला'वाले आणि सासर 'मले-तुले'वालं. अठरा वर्षं झाली, अजून इथले लोक माझ्या बोलण्याला हसतात आणि माहेरी गेले की तिकडचे हसतात. शाळेने मुलांच्या समुपदेशनाचं काम गळ्यात घातलं, त्यासाठी कागद हवा म्हणून मी ऑनलाइन एम.ए. सायकॉलॉजीला नाव नोंदवलं. वय चव्वेचाळीस. पहाटे उठून डबे, मग शाळा, मग वह्या, मग स्वयंपाक... आणि स्वयंपाक करतानाच दीडपट वेगाने लेक्चर. अ‍ॅबनॉर्मल सायकॉलॉजी हा अख्खा पेपर मी पोळ्या लाटत शिकले. थकवा हे किती आजारांचं लक्षण आहे ते माझं तोंडपाठ होतं. त्यातल्या बहुतेक आजारांत मी स्वतः फिट्ट बसत होते.

मागच्या जानेवारीत त्या पेपरची असाइनमेंट आली. आपल्या परिसरातल्या एका व्यक्तीची केस हिस्टरी लिहायची, मुलाखत रेकॉर्ड करायची, ती जशीच्या तशी उतरवून जोडायची. मी लांब कशाला जातेय? केस घरातच होती.

माझ्या मोठ्या जाऊबाई. त्यांना मी बाई म्हणते. त्यांचे यजमान, म्हणजे माझे भासरे, त्यांना सगळं घर 'भाऊ' म्हणतं. भाऊ दरवर्षी दिवाळीनंतर तेलंगणात कापसाच्या एका जिनिंगवर कामाला जायचे आणि उन्हाळ्यात परत यायचे. दर रविवारी दुपारी फोन करायचे, तोही माझ्या नवऱ्याच्या मोबाइलवर, कारण बाईंकडे मोबाइल नाहीच. त्या जानेवारीच्या आधीचा डिसेंबर सरता सरता फोन बंद झाला. जिनिंगवाले म्हणाले, हिशोब करून गेला, कुठे गेला माहीत नाही. आमच्या ह्यांनी पोलिसांत हरवल्याची तक्रार दिली, फोटो दिला. त्यापुढे काय करायचं ते कुणालाच सुचत नव्हतं.

बाई रडल्या नाहीत. फक्त दुपारी जेवणं झाली की परसात निंबाखाली बसायच्या आणि हळू आवाजात बोलायच्या. समोर कुणी नाही! कुणी विचारलं की गप्प. शेजारपाजारचे म्हणायला लागले, बाहेरचं लागलं, दर्ग्यावर न्या. मी म्हटलं, बाहेरचं काही नसतं, सगळं आतलंच असतं. मला वाटायचं मी फार शहाणी आहे.

तर त्या रविवारी, दुपारी अडीचच्या सुमारास, मी निंबाखाली बाईंसमोर बसले. त्या ओल्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मोबाइल सुपाशेजारी ठेवून रेकॉर्डिंग चालू केलं आणि छापील प्रश्न विचारायला सुरुवात केली. झोप येते का, भूक लागते का, कुणाचे आवाज ऐकू येतात का.

"मले काय झालं वं?" बाई म्हणाल्या. "मले झोप बी येते, मले भूक बी लागते. तुयी परीक्षा हाय म्हणून बसली मी."

पाच-सात प्रश्न झाले असतील, तेवढ्यात गल्लीत ओरडा झाला... "नळ आले वोऽ!"

बाहेरच्यांना सांगते, आमच्याकडे नळ आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी येतात. नळ आले की माणूस ताटावरून उठतो. मी प्रश्नांचा कागद तिथेच टाकून धावले. ड्रम, टाकी, हंडे, बादल्या भरून परत आले तेव्हा पाठ मोडली होती. बाई शेंगा सोलून बसल्या होत्या. चेहरा कसा होता? आठवत नाही. मी पाहिलाच नाही. मी मोबाइल पाहिला, रेकॉर्डिंग चालूच होतं, ते बंद केलं आणि बरं झालं म्हटलं... मुलाखतीला हवी तेवढी मिनिटं भरली.

"वर्षा, बस न जराशी," बाई म्हणाल्या.

"बाई, कपडे पडलेत सगळे भिजवलेले. नंतर बसते."

नंतर बसले नाही. रोज मरे त्याला कोण रडे, तसं आमच्या घरात दमण्याचं आहे. सगळेच दमलेले, कुणाला सांगायचं?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लॅपटॉपवर मराठी व्हॉइस टायपिंग सुरू केलं, समोर मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं आणि मी कणीक मळायला घेतली. तासाभराने पाहिलं तर मजकूर तयार. पण त्या यंत्राला आमची वऱ्हाडी कुठली कळायला! बाईंचं प्रत्येक 'मले' त्याने 'मेले' लिहून ठेवलं होतं. 'मेले काय झालं', 'मेले झोप येते', 'मेले भूक लागते'. मला हसू आलं. नवऱ्यालाही दाखवलं.

"आमचं बोलणं ऐकून मशीनबी मेलं," ते म्हणाले.

पुण्याच्या आमच्या ट्यूटर मॅडमची सूचना होती की मजकूर शक्यतो प्रमाण भाषेत द्यावा. मग मी काय केलं, तर एकेक शब्द कोण बघत बसणार म्हणून 'मेले' शोधा आणि 'मला' घाला, असं सगळीकडे एकदम बदलून टाकलं. एक क्लिक.

नंतर वाचताना पहिला भाग नीट लागत होता. पण मी पाण्याला गेल्यानंतरचा भाग अगदीच विस्कटलेला होता. तो मजकूर मला आजही पाठ आहे... 'मला? तुम्ही मला? कुठं मला? हाव. टिनाखाली. चप्पल काऊन नाही पायात? पाण्याची टाकी. निळी. हाव. सांगतो. वर्षाला सांगतो.'

अर्थ नाही, संदर्भ नाही, वाक्यं तुटलेली. पुस्तकात दिलेलं असंबद्ध भाषणाचं उदाहरण यापुढे फिकं पडलं असतं. मी त्याखाली रेघ मारली आणि निदानाच्या रकान्यात छान दोन परिच्छेद लिहिले. 'वर्षाला' हा शब्द मी वर्ष, साल अशा अर्थाने वाचला. कालभानाचा गोंधळ, अशी नोंदही केली. माझंच नाव वर्षा आहे, हे तेव्हा डोक्यात आलंच नाही.

मार्क उत्तम पडले. ट्यूटर मॅडमनी वर शेराही दिला, 'रुग्ण स्वतःचा उल्लेख पुल्लिंगी करते ही नोंद विशेष महत्त्वाची.' अहो, आमच्याकडच्या सगळ्या बाया 'मी सांगतो, मी जातो' असंच म्हणतात! तसं पाहिलं तर अर्धा जिल्हा रुग्ण ठरेल. पण मॅडमना कळवायला गेले नाही. मार्क कोण कमी करून घेतं?

असाइनमेंटवर थांबले असते तरी चाललं असतं. मी तो कागद घेऊन बाईंना बुलढाण्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कागद वाचला, बाईंना दोन-चार प्रश्न विचारले. बाई माझ्याकडे बघत राहिल्या, उत्तरं दिली नाहीत. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांची यात काही चूक नाही, कागद माझा होता. बाई दुपारच्या झोपायला लागल्या, निंबाखालचं बोलणं बंद झालं. घर म्हणालं, वर्षाच्या शिक्षणाचा उपयोग झाला बुवा. मलाही तसंच वाटत होतं.

फेब्रुवारी संपता संपता पोलिसांचा फोन आला. तक्रारीतल्या फोटोशी जुळणारा एक मृतदेह तेलंगणातल्या एका गावी सापडला होता. नवरा गेला आणि तिसऱ्या दिवशी परत आला. ओट्यावर बसून पाणी प्यायला आणि बोलायला लागला. बाई आत झोपलेल्या होत्या.

"भाऊच व्हते," ते म्हणाले. "फोटो पाह्यला मी. आजारी पडले असतील, जिनिंग सोडून गावाकडं निघाले असतील. बसस्टँडच्या बाजूला टिनाचं शेड हाय, त्याच्याखाली पडले. चप्पल बी नव्हती पायात. बाजूच्या टाकीवर पानी प्यायले आले असतील म्हणते तिथला चहावाला."

"टाकी कसली?" मी विचारलं.

"पान्याची. सिंटेक्ससारखी, निळी. काऊन?"

 वार विचारला. रविवार. तारीख विचारली, ती माझ्या रेकॉर्डिंगचीच निघाली. वेळ विचारली. चहावाल्याने पोलिसांना सांगितलं होतं, तीन वाजायच्या जराशी आधी.

"आन् बॉडी?" मी कधी नव्हे ते त्यांच्यासारखं बोलले.

"बारा दिवस ठेवली व्हती सरकारी दवाखान्यात. कोनी आलं नाही म्हणून त्याहिनंच आटपलं सगळं." मग ते रडायला लागले. "बारा दिवस, वर्षा. कोनी सांगतलं असतं त आनलं असतं न मी भाऊले घरी..."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी शाळेच्या लॅबमध्ये दार लावून बसले, कानात इअरफोन घातले आणि ते रेकॉर्डिंग पहिल्यांदा ऐकलं. हो, पहिल्यांदा. तोवर ते फक्त लॅपटॉपने ऐकलं होतं.

सुरुवातीला बाईंचं 'मले, मले' स्वच्छ आहे. मग नळ आले, माझी चप्पल वाजली, लांब पाण्याचा आवाज. मग शेंगा सोलण्याचा आवाज थांबतो. आणि बाई बोलतात. प्रत्येक वाक्यानंतर थांबतात, कुणी उत्तर देईल इतका वेळ. दुसरा आवाज नाही. मी आवाज वाढवून, हेडफोन बदलून, पन्नासदा ऐकलं. नाही म्हणजे नाही.

"मेले?... तुमी मेले?... कुठं मेले?... हाव... टिनाखाली... चप्पल काऊन नाही पायात?..."

हे 'मेले' आहे. 'मले' नाही. यंत्राने बरोबर लिहिलं होतं, चूक मी केली. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्या घरात पद्धत नाही, त्यामुळे भाऊंचं नाव त्यात कुठेही नाही. 'तुमी' एवढंच. एकदा जरी नाव आलं असतं तर माझ्यासारख्या दमलेल्या बाईच्याही डोळ्यांना टोचलं असतं. फाइलची सुरुवात आणि शेवट यावरून हिशोब केला तर ती वाक्यं तीनला पाच-दहा मिनिटं कमी असतानाची आहेत.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसा मी काखेतून काढून स्वतः पुसून ठेवला.

मी सगळी स्पष्टीकरणं लावून पाहिली आहेत. फोन? नव्हता. कुणी निरोप दिला? इकडे कुणालाच खबर नव्हती. भाऊ आजारी असतील ही भीती बाईंना होतीच, हे मान्य. पण टीन, टाकी, टाकीचा रंग, चप्पल... आणि तीच वेळ? आमच्या मॅडमना मी नाव न सांगता विचारलं. त्यांनी लिहिलं, घडून गेल्यावर जुळणाऱ्या गोष्टीच माणसाला आठवतात. एरवी मीही तेच लिहिलं असतं. पण ही आठवण नाही ना, रेकॉर्डिंग आहे. रोज दुपारी निंबाखाली त्या कुणाशी बोलायच्या, हेही मला माहीत नाही. मी परीक्षा दिली, पास झाले, सर्टिफिकेट आलं. ते अजून पाकिटातच आहे.

गोळ्या डॉक्टरांना विचारून हळूहळू बंद केल्या. बाई परत बसायला लागल्या, पण आता बोलत नाहीत. एका दुपारी मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. शाळा होती, गेले नाही. 

"बाई," मी म्हटलं, "त्या दिवशी तुम्हाला कळलं होतं, तर मला का नाही सांगितलं? मी नंतर विचारलं नाही, पण तुम्ही तरी हाताला धरून बसवायचं ना मला..."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. राग असता तर बरं वाटलं असतं.

"त्याहिनं म्हटलं वर्षाले सांग, ते शिकली हाय," त्या म्हणाल्या. "सांगतलं न वं मी, तुया मोबाइल चालूच व्हता. डॉक्टरपुढं तुयाच हातात त कागद व्हता. मले वाटलं, वाचला असंल तुनं."