टेबलाला चिकटवलेला बाक

शाळेच्या प्रयोगशाळेत दोन गोष्टी साठतात, फुटक्या परीक्षानळ्या आणि किस्से. प्रयोगशाळा मी सांभाळते, म्हणून नळ्या दर दिवाळीला फेकते. पण आमच्या बजाजनगरच्या कामगार वस्तीतल्या शाळेच्या शेख सरांचे किस्से वर्षभर पोटात ठेवावे लागले. माझ्यासारख्या बोलघेवड्या बाईला ते किती जड गेलं म्हणून सांगू!

आठवीला बल शिकवताना सरांनी ऑफिसातली चाकाची खुर्ची पळवून आणली. तिच्यात बसून दोन्ही पायांनी भिंतीला रेटा दिला. खुर्ची सुसाट मागं!

"सर, मागं कपाट!" मी दारातून तीनदा ओरडले.

सर थेट कपाटावर. काच खळ्ळकन फुटली, पोरं हसून लोळली. सर उठले, कपडे झटकले. "बघा! मी भिंतीला ढकललं, भिंतीनं मला ढकललं!"

मला मात्र हसू येईना. एवढ्या ओरडण्यावर त्यांनी साधी मानही वळवली नव्हती.

मधल्या सुट्टीत मी त्यांना गाठलं. "सर, ऐकू येत नाय ना तुम्हाला?"

ते माझ्या ओठांकडं बघत होते. "डावा कान गेला, म्याडम. उजवा निघालाय."

"मग मशीन लावा की!"

"मशीन दिसंल. मोठ्या बाई वर्ग काढून घेतील अन् ऑफिसात फायली लावायला बसवतील. रिटायरमेंटला एक वर्ष राहिलंय. खुदा के वास्ते, खडू हातात असताना जाऊ द्या मला."

मला असा राग आला! कुणाचा, ते कळेना. कुणाला सांगणार नाही, एवढं मात्र कबूल केलं.

पुढं ऊर्जेचा धडा आला. पंख्याच्या रिकाम्या हुकाला दोरी, दोरीला वाळूनं भरलेली कळशी. सर भिंतीला टेकले, कळशी नाकाला लावली आणि सोडली. "परत येईल, पण नाकाला लागणार नाय!"

कळशी गेली, आली, नाकापाशी थबकली. दुसऱ्या झोक्याला गाठ सुटायला लागली.

"सर, गाठ!" अख्खा वर्ग किंचाळला. सर आपले हसत उभे! पहिल्या बाकावरच्या पूजानं झेप घेऊन त्यांचा हात ओढला. सर उभे होते तिथंच कळशी आदळली.

मला वाटलं, आता बिंग फुटलं. पण पोरांनी बाहेर चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवसापासून वर्गात नवं खूळ. पहिला बाक सरांच्या टेबलाला चिकटवलेला, मागचे सगळे एकमेकांना. काही विचारायचं तर आधी बाकावर थाप! मी झापलं, "तबल्याचा क्लास आहे का हा? सरका मागं!" मी वळले की बाक पुन्हा जाग्यावर. सर मात्र खूश. "पोरं लई शिस्तीत आलीत, म्याडम!"

मग तपासणी आली. साहेब आणि मोठ्या बाई वर्गात मागं उभ्या. सर एक हात टेबलावर टेकून फळ्यावर आकृती काढत होते.

"सर, ध्वनीला माध्यम लागतं का?" साहेबांनी विचारलं.

सर आकृतीच काढतायत.

"सर?" साहेबांचा आवाज चढला. मोठ्या बाईंच्या कपाळाला आठी. मी दारातून बघत होते. गेला वर्ग सरांचा!

तेवढ्यात धाडकन सगळ्या वर्गानं बाकांवर थाप मारली. सर गर्रकन वळले.

"हा काय धिंगाणा?" साहेब म्हणाले.

पूजा उठली. "प्रयोग हाय, साहेब. आवाज लाकडातून जातो." मग सरांकडं तोंड करून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "सर, साहेब विचारायलेत, ध्वनीला माध्यम लागतं का?"

"लागतं!" सर म्हणाले. "हवा, पाणी, लाकूड. अन् लाकडातून हवेपेक्षा जोरात पळतो."

साहेब खूश होऊन गेले. सर मात्र टेबलाला चिकटलेल्या बाकाकडं बघत राहिले.

"पूजा, हे कुणी शिकवलं?"

"कुणी नाय, सर. पप्पा कंपनीत प्रेस शॉपला आहेत, दिवसभर पत्रा ठोकायच्या मशिनी धडधडतात. त्यांना हाक ऐकू येत नाय. आम्ही लोखंडी पलंगावर थाप मारतो, मग बघतात."

सरांनी वर्गाकडं बघितलं. "अजून कुणाच्या घरी?"

अर्ध्या वर्गानं हात वर केले.