आधी पेज, मगे नाव

उजव्या हाताचा तळवा समोरच्याच्या तोंडाआड धरून ती म्हणायची, "आधी पेज, मगे नाव." माणूस 'मी अमुक गावचा' म्हणेपर्यंत त्याच्यापुढे पाट मांडलेला असे.

तुम्ही आमच्याकडचे असाल तर यातलं नवल तुम्हाला कळेल. आम्ही वाटसरूला पाणी देतो, नाही असं नाही, पण आधी "खंयचो? कोणाचो?" हे विचारून. गाव कळलं की आडनाव, आडनाव कळलं की सगळंच कळतं, आणि मग त्याला कुठवर आत घ्यायचं तेही ठरतं. देवबागची ही म्हातारी ख्रिस्ती बाई विचारायची ते एवढंच, "आज मासो चलता मा?"

मी तिच्याकडे पहिल्यांदा गेलो तो सरकारी कागद घेऊन. समुद्र तिच्या स्वयंपाकघरापासून दहा पावलांवर आला होता. घर रिकामं करा, असं त्या कागदात होतं. भर दुपार होती. एका अंगाला खाडी, एका अंगाला दर्या, मधे ही वाळूची पट्टी. अंगणात पांढरा क्रूस, त्यामागे सुरूच्या झाडांची सळसळ. ओटीवर टेकलो तर मला पेंगच यायला लागली. कागद काढायच्या आत तळवा वर आला.

सोमवार होता. तिने भाजलेला सुका बांगडा मुकाट्याने आत नेला आणि पेजेबरोबर फणसाची भाजी वाढली. जेवल्यावर मी नाव सांगितलं, मग कागद वाचून दाखवला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मावशी, हे मी आधीच सांगायला हवं होतं."

"कित्याक? माका राग इलो असतो, तुझा पोट उपाशी रवला असता." मग क्रुसाकडे बघून हसली. "येशू दारात इलो तर काय आधार कार्ड दाखयतलो?"

"पण घर सोडावं लागेल."

ती माझं ताट उचलू लागली.

"घर जांवदे रे. पण उन्हातसून येणारो मगे खंय बसतलो?"

तिला धास्ती होती ती याचीच. मला तेव्हा तो खुळेपणा वाटला. तरी त्यानंतर कामाचं निमित्त काढून मी कितीदा तिच्याकडे पेज प्यालो, त्याची गणती नाही.

दोन पावसाळ्यांत स्वयंपाकघर गेलं. भाचीने तिला पिंगुळीला नेलं. तिथे तिची आठवण सुटत गेली. "आता माकापण वळखणा नाय," भाचीने फोनवर सांगितलं.

मी भेटायला निघालो तो वाटभर धाकधूक घेऊन. मला तरी ओळखेल, अशी वेडी आशा होती. ती पडवीत खुर्चीवर बसली होती. तिने माझ्याकडे परक्यासारखं पाहिलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू!

"मावशी, मी..."

तळवा वर आला.

"आधी पेज, मगे नाव." आणि आत वळून भाचीला हाक, "गो, पावणो इलो!" मग माझ्याकडे बघून, "आज मासो चलता मा?"

मी होकाराची मान डोलावली. भरल्या डोळ्यांनी पेज प्यालो. मी जेवतोय हे बघता बघता तिचा डोळा लागला. घराची चिंता मिटल्यासारखा तिचा चेहरा निवांत दिसत होता. भाची म्हणाली, "उठवू काय?" मी नको म्हटलं.

पंधरा दिवसांनी ती गेली. माझं नाव सांगायचं राहूनच गेलं.