भाषा: हिंदी

“नॉन-इंग्लिश, डोमेस्टिक. दॅट गोज,” वकीलसाहेब म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. एकोणतिसाव्या खोक्यातलं गाठोडं मी बाजूला काढलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. इंग्लंडमधलं मोठं जमीनदार घराणं, दोन पिढ्या पार्लमेंटमध्ये. त्यांतले एकजण पूर्वी कुवेतमध्ये ब्रिटिश अधिकारी होते. त्यांचा नातू कुवेतमधल्याच फिंतासच्या घरात वारला आणि मागे आजोबांपासूनचे साठ खोकी कागद राहिले. ते इंग्लंडच्या सरकारी दप्तरखान्यात जायचे होते. कुवेतच्या शुवैख बंदरातल्या गोदामात यादी करायचं काम माझ्याकडे होतं, देखरेख घराण्याच्या वकीलसाहेबांची.

आधी वीडिंग. शेतात खुरपणी करतात, तशी कागदांची. नको ते काढायचं, यादीत लिहायचं, चिंध्या करायला श्रेडरला पाठवायचं.

गाठोड्यातलं वरचं पान देवनागरीत होतं. डाळ, मीठ, आमसुलं. मी ‘भाषा’ या रकान्यात ‘हिंदी’ लिहिलं, पुढे ‘स्वयंपाकघर’. आमसुलं वाचूनही. साहेबलोकांसाठी आपलं सगळं हिंदीच असतं, आणि या नोकरीच्या चार वर्षांत माझ्या हातालाही तीच सवय लागली होती.

तिसऱ्या दिवशी खोक्यांना झाकणं ठोकणारा सखाराम सुतार टेबलाशी आला. गुहागरकडचा, चाळिशी उलटलेला.

“ताई, झाकणावर नाव काय लिवलंय?”

मी वाचून दाखवलं.

“आई हेच नाव घेते. बाबा ह्याच सायबाकडं खानसामा व्हते. मी दोन वर्षांचा असताना त्यांची पत्रं थांबली. मेले का पळाले, कायच कळलं नाय. आई मास्तरांकडनं सायबाला पत्रं लिवून घ्यायची.”

“मराठीत?”

“मग काय इंग्रजीत? आमचे मास्तर सातवी पास!” तो हसला. मग म्हणाला, “आई अजून कुंकू लावते. श्राद्ध घालू देत नाय. बायका तिला हळदीकुंकवाला बोलवत नायत. एक तारीख गावली तर बरं हुईल.”

मी श्रेडिंगवाल्याला फोन लावला. “मॅडम, वो तो कल ही खलास.”

सखारामला खरं ते सांगितलं. गाठोडं मीच पाठवलं होतं.

“वाचलं नव्हतंत?”

“वरचं पान. बाजाराची यादी होती.”

“मग बाबांचीच. अक्षर कसं व्हतं?”

मला आठवेना.

एकोणतिसाव्यापुढची एकतीस खोकी मी पानन्‌पान पाहिली. खानसाम्याचं नाव कुठेच नव्हतं. दप्तरखान्याला पत्र लिहिलं. दोन महिन्यांनी सभ्य उत्तर आलं: आपल्याच यादीनुसार स्वयंपाकघराचे कागद हिंदीत होते व नष्ट केले आहेत. सोबत यादीची झेरॉक्स, खाली माझी सही.

“आईला काय सांगू?” सखारामने विचारलं. मी झेरॉक्सवरची माझी सही त्याला दाखवली.

“मग नाय सांगत,” तो म्हणाला आणि कामाला गेला.

हाताखाली नवीन माणूस आला की मी त्याला एकच सांगते. जे वाचता येतं, ते आधी वाच. रकाना नंतर भर.