ओळख पटल्याशिवाय

संशय घ्यावा तर माझ्या भागीदारांनीच. त्यांच्याइतका मन लावून संशय घेणारा माणूस अख्ख्या खानदेशात सापडायचा नाही. जळगावात आम्ही दोघे वेबसाइट आणि सॉफ्टवेअर बनवतो, म्हणजे ते बनवतात आणि मी गिऱ्हाइकांची समजूत काढतो. एटीएमच्या खोलीत चिटपाखरू नसले तरी ते बटणांवर टोपी धरूनच आकडे दाबतात. सख्ख्या मेव्हण्याने एकदा घरच्या वायफायचा पासवर्ड मागितला, तर म्हणाले, "कशाला हवाय, ते आधी सांगा." मेव्हणा अजून बोलत नाही. बायकोने फोनवर बँकेचा कोड विचारला, तेव्हा आवाज तिचाच आहे हे मान्य करूनही तो त्यांनी घरी जाऊन सांगितला. तोवर कोडाची मुदत संपली होती.

दुसरे वेड वेगळेच. सॉफ्टवेअर तयार झाले की ते वापरणाऱ्याच्या हाती द्यायचे आणि आपण हात पाठीमागे बांधून गप्प उभे राहायचे. समोरचा भलतेच बटण दाबत असला तरी मदत करायची नाही. असोद्याला केळीच्या बांधावर एका नानांना भर उन्हात फोनच्या पडद्यावर काही दिसेना. मी पुढे सरसावलो, तर यांनी माझी कॉलर धरली. नाना वैतागून निघून गेले. "चूक त्यांची नाही, आपली आहे," म्हणत यांनी पुढचा आठवडा अक्षरे मोठी आणि रंग गडद करण्यात घालवला. गिऱ्हाईक मी एकट्याने सांभाळले.

धरणगावकडच्या एका जिनिंगसाठी, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यासाठी, आम्ही कापूस आणण्याच्या पाळीचे टोकन मोबाइलवर मिळण्याची सोय केली. फोनवर कोड येणार, तो टाकला की टोकन. लबाडीच्या सगळ्या वाटा यांनी बुजवल्या होत्या. पण एका गावात अख्ख्या गल्लीने एकच नंबर दिला होता, बियाण्याच्या दुकानदाराचा, कारण कोड वाचून सांगणारा तोच. ऐन वेचणीत तो धुळ्याला लग्नाला गेला आणि त्याचा फोन बंद पडला. इकडे एका अक्कांचा वर्षाचा कापूस ट्रॉलीत उघड्यावर, आणि आभाळ भरून आलेले.

गल्लीतून यांना फोन आला, "तुमनंच शे ना बठ्ठं, तठूनच उघाडी द्या." जागेवरून नंबर बदलणे यांना चुटकीसरशी जमले असते. पण यांनी लॅपटॉप पिशवीत घातला, हेल्मेट चढवले. "माणूस पाहिल्याशिवाय नंबर बदलायचा नाही." मी मोटरसायकलवर मागे बसलो आणि पाळधीपर्यंत त्यांच्या नियमांचा उद्धार करत राहिलो.

अक्का ट्रॉलीला टेकून आभाळाकडे बघत होत्या. यांनी त्यांचे आधार कार्ड पाहिले, चेहरा पाहिला, परत कार्ड पाहिले. मग विचारले, "अक्का, नंबर कोणाचा टाकू? घरचाच माणूस पाहिजे."

"पोऱ्या सुरतले ऱ्हास, फोन उचलस नही. माले वाचता येत नही. तुनाच टाकी दे, भाऊ."

परक्याच्या खात्याला आपला नंबर जोडणे हे यांच्या लेखी महापाप. त्यांनी एकदा आभाळाकडे पाहिले. मग मान खाली घालून त्यांनी स्वतःचा नंबर टाकला. संध्याकाळी पाऊस आला तेव्हा कापूस जिनिंगच्या छपराखाली होता, आणि मला या माणसाचा फार लोभ वाटला.

परत आल्यावर त्यांनी जिनिंगच्या फाटकावर बिनफोनचे टोकन सुरू करून घेतले. आता अक्कांना कोड लागत नाही. कापसाचा हंगामही कधीच संपला. तरी दर दोन-चार दिवसांनी त्यांचा फोन येतो, "कोड उना का रे भाऊ?"

भागीदार हातातले काम थांबवतात, मेसेज खरोखर तपासतात आणि सांगतात, "नाही अक्का, अजून नाही आला." मग गुडघे कसे आहेत, म्हैस व्याली का, सुरतेहून कोणी बोलले का, अशी चौकशी चालते.

एकदा मी म्हणालो, "अहो, आता कोड येणारच नाही, हे त्यांना सांगून का टाकत नाही?"

"सांगितलं तर त्या फोन कशाला करतील?" ते म्हणाले आणि कामाला लागले.