दोन अवचित किल्ले

डॉक्टरकी शिकायला मी रशियात कास्पियन समुद्राकाठच्या एका शहरात होते. वसतिगृहातल्या खोलीत माझ्याबरोबर एक चेचेन मुलगी राहायची. पहिल्याच थंडीत मला न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून सुटल्यावर ती मला सरळ डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आपल्या गावी घेऊन गेली. तिच्या आईने मक्याची भाकरी आणि लसणीचा रस्सा खाऊ घालून मला पुन्हा उभं केलं. त्या माऊलीला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. तरी रात्री ती माझ्या कपाळावर हात ठेवून काहीबाही पुटपुटत बसायची.

पुढे लग्न होऊन मी रोह्यात दवाखाना थाटला. मैत्रिणीने भेटायला येते म्हणून कळवलं, आणि माझ्यापेक्षा माझ्या वडिलांचीच जास्त धांदल उडाली. वडील पेणच्या खाडीकाठचे. तरुणपणी मिठागरात राबले, मिठागर बंद झाल्यावर डोलवीला कंपनीत ठेकेदाराकडे लागले. आता घरीच असतात. पोरीला परमुलखात ज्यांनी जपलं त्यांच्यातलं कोणी येतंय, म्हणून ते सुक्या कोळंबीचे सोडे आणि पोह्याचे पापड बांधून आदल्या दिवशीच रोह्यात हजर झाले.

"तिला गड दाखवूया," ते म्हणाले. "आपल्याकडं येऊन गड नाय बघितला तर काय बघितलं?"

रोह्याहून जवळचा म्हणजे अवचितगड. पौषातल्या थंडीत सकाळीच आम्ही तिघं पायथ्याच्या मेढे गावच्या वाटेने चढायला लागलो. वडील पुढे. दर वळणावर थांबून ते काहीतरी सांगायचे आणि मी ते रशियनमध्ये करायचे. महाराजांचं नाव आलं की त्यांचा आवाज चढायचा. मैत्रीण हसून मान डोलवत होती. वर पोहोचल्यावर पाण्याच्या टाक्याजवळ सावलीत बसलो. खाली कुंडलिका नदीचं वळण आणि रोह्याचे कारखाने दिसत होते. मी डबा उघडला.

"या गडाचं नाव काय म्हणालीस?" तिने विचारलं.

"अवचित. म्हणजे ध्यानीमनी नसताना येणारा." मग रशियन शब्द आठवला. "व्नेझाप्नाया."

तिने हातातला घास खाली ठेवला. वडिलांना वाटलं, तिखट लागलं. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

"आमच्याकडेही याच नावाचा किल्ला होता," ती म्हणाली. "पण तो आमचा नव्हता."

मग तिने सांगितलं ते मी वडिलांना वाक्यावाक्याने सांगत गेले. दोनशे वर्षांपूर्वी रशियाच्या झारचं सैन्य उत्तरेकडून आलं आणि त्याने नदीकाठांवर एकामागून एक किल्ले बांधले. एकाचं नाव ठेवलं ग्रोझ्नाया, म्हणजे भयंकर. तिथेच पुढे मोठं शहर झालं. दुसरा व्नेझाप्नाया, तो तिच्या गावापासून जवळ. त्या पट्ट्यात कुमिक लोक राहायचे आणि वर पायथ्याला तिचे चेचेन. किल्ल्यांच्या आजूबाजूचं रान सैन्याने तोडून टाकलं, आडोशाला कोणी लपू नये म्हणून. रान गेलं, मग सपाटीवरची शेतं गेली. नांगर धरला तर तोफेच्या टप्प्यात उभं राहायचं. शेवटी माणसं गुरंढोरं घेऊन डोंगरात चढली.

"आमच्या घरात अजून म्हणतात, अमुक शेत किल्ल्याने खाल्लं," ती म्हणाली. "ते शेत आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नाही."

वडील ऐकत होते. त्यांनी एकच गोष्ट विचारली. "डोंगरात पिकवलं काय? तिथं माती व्हती का?"

मी विचारलं. ती म्हणाली, "नव्हती. पाठीवर टोपल्यांतून खालची माती वर नेली. खडकावर पसरून पट्टे केले."

हे मराठीत सांगताना वडिलांचा चेहरा बदललेला मला दिसला. खाडीच्या बांधाला भरतीने खांड पडली की अख्खं गाव चिखलाच्या टोपल्या वाहतं. ते त्यांनी जन्मभर केलं होतं. ते म्हणाले, "तिला सांग गो, मी एवढा येळ गडाचं कौतुक करत राह्यलो, तिला वाईट वाटलं असंल."

मी सांगितलं. तिने जोरात मान हलवली. "नाही. तुम्ही बोलत होतात तेव्हा मला हेवा वाटत होता. किल्ल्याकडे वर बघून आनंद होतो, अशी माणसं मी पहिल्यांदा बघतेय."

उतरताना वडिलांनी गडाबद्दल काही सांगितलं नाही. अवघड जागी ते आधी खाली उतरायचे आणि तिला हात द्यायचे.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच हट्ट धरला आणि तिला आमच्या गावी नेलं. नेमकी उधाणाची भरती होऊन गेली होती आणि बांधाचं काम चालू होतं. तिने बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बायकांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. चिखलाची टोपली एका हातातून दुसऱ्या हातात चालली होती.

"कुठली गो तू?" शेजारच्या काकूंनी तिला विचारलं.

तिला ते कळलं नाही. बांधावरून वडिलांनीच उत्तर दिलं. "लांबची हाय. पन मातीतली हाय."

दुपारी तिचे हात सोलवटले होते. काकूंनी त्यांना खोबरेल लावलं.

ती परत गेली त्याला आता काही वर्षं झाली. तिकडे मुलांच्या दवाखान्यात ती काम करते. रविवारी व्हिडिओ कॉल येतो तेव्हा वडील फोन माझ्या हातातून काढून घेतात. ते आगरी बोलतात, ती चेचेन बोलते, मागे तिची आई दिसते. कोणी कोणाला काय सांगतं देव जाणे. मी मध्ये पडून अर्थ सांगायला जायचे, ते हल्ली सोडून दिलं आहे.